खलनायकाचं 'शेवटचं रूप': पंख फुटला की भीती कमी का होते? (सेफिरॉथच्या निमित्ताने)

कर्जत_लोकल (धागाकर्ता)

आधीच सांगतो, खाली फायनल फँटसी ७ या व्हिडिओ गेमचा शेवट उघड केलाय, सेफिरॉथ हा त्यातला खलनायक. खेळ १९९७ चा आहे, त्यामुळे नंतर गळे काढू नयेत.

भाच्यासाठी म्हणून स्विचवर हा खेळ घेतला. रीमेक नाही, मूळचाच. भाचा दोन दिवसांत कंटाळला आणि महिनाभर मीच खेळत बसलो. लहानपणी मामेभावाच्या प्लेस्टेशनवर अर्धामुर्धा पाहिला होता, शेवटपर्यंत कधी पोचलो नव्हतो. आत्ता कुठे तिसऱ्या डिस्कच्या टोकाला, सेफिरॉथच्या शेवटच्या रूपापर्यंत आलोय.

आणि मला भीतीच वाटली नाही हो.

याच माणसाने सुरुवातीला माझी झोप उडवली होती. शिनरा या बड्या कंपनीच्या इमारतीत रात्री कोठडीचं दार उघडं सापडतं, बाहेर पहारेकरी मेलेला, जमिनीवर रक्ताचा ओघळ. त्या ओघळामागून मजले चढत जायचं. वर अध्यक्ष टेबलावर पालथा, पाठीत ती लांबलचक तलवार. सेफिरॉथ कुठेच नाही. पुढे दलदलीतला तो महाकाय साप, झोलोम. आपल्याला तो दोन फटक्यांत झोपवतो, म्हणून चोकोबो (स्वारीचा पक्षी) पकडून जीव मुठीत धरून दलदल ओलांडायची. पलीकडे गेलं की तोच साप झाडाच्या बुंध्यावर आरपार खोचलेला दिसतो. एक अवाक्षर नाही, संगीत बदलतं फक्त. मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

आता शेवटचं रूप बघा. उजव्या हाताच्या जागी एक पंख, कमरेखाली पायांऐवजी पांढऱ्या पंखांचा घोस, डोक्यामागे प्रभावळ, पाठीमागे ढग. गणपतीच्या सजावटीतला थर्माकोल आठवला. त्याच्या आधीचं रूप, ते बिझारो, तर रंगीत मांसाचं झुंबर. ताकद वाढली हे कळतं, पण हा 'तो' राहिलेला नसतो.

तर प्रश्न असा: खलनायकाचं रूप बदलून तो जास्त ताकदवान होतो, तेव्हा आपली भीती कमी का होते? का हे फक्त माझं वय झाल्याचं लक्षण?

निशाचर

पहिला! आता वाचतो.

खडूस_काका

सेफिरॉथ हे मला अँटिबायोटिकचं नाव वाटलं. सेफिरॉथ ५००, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, पाच दिवस.

डॉ_खोकला

काका, कोर्स पूर्ण करा. अर्धवट सोडलात तर तो जास्त ताकदवान रूप घेऊन परत येतो. धाग्याचा विषय हाच आहे, गंमत नाही.

खडूस_काका

डॉक्टर, दंडवत.

अरभाट_कोडर

मी पुण्यात गेम्सच्या धंद्यात आहे (मोबाईलवरचे, नाव विचारू नका, जाहिराती पाहून शिव्या घालाल). धंद्याच्या बाजूने सांगतो.

दुसरं रूप काढायचं पहिलं कारण भीती नसतंच. पन्नास तास खेळलेल्या माणसाला शेवटी 'आता काहीतरी वेगळं' द्यावं लागतं. ज्या माणसाला तो ओळखतो त्याच्याशी कसं लढायचं हेही त्याला माहीत असतं. नवा आकार आणला की त्याचे अंदाज पुसले जातात: हा कुठून मारेल, किती लांबून मारेल, काहीच ठाऊक नाही. दुसरं, एक मोठी एचपीची (जीवशक्तीची) पट्टी कंटाळवाणी वाटते, तीच तीन तुकड्यांत वाटली की जिंकल्याचा आनंद तीनदा मिळतो.

पण सेफिरॉथबाबत खरी गंमत आकड्यांत आहे. त्याचा तो सुपरनोव्हा नावाचा हल्ला आठवा. धूमकेतू येतो, प्लूटो फुटतो, शनी आणि गुरूला भगदाड पडतं, सूर्य फुगून बुध-शुक्र गिळतो, पडद्यावर गणिताची सूत्रं तरंगतात. दोन मिनिटं हा तमाशा. आणि शेवटी होतं काय? तुमच्या *त्या वेळच्या* एचपीचा १५/१६ भाग जातो. म्हणजे ९९९९ असतील तर ६२५ उरतात. परत मारला तर ३९ उरतील. या हल्ल्याने माणूस मरूच शकत नाही! गोंधळ, मौन, मंदपणा असल्या बाधा लागतात आणि मग पुढचा साधा टोला जीव घेतो, ते वेगळं. पण सूर्यमाला उद्ध्वस्त करणारा हल्ला गणिताने अगदी सभ्य आहे. कर्जत_लोकल, तुम्हाला भीती वाटली नाही कारण तुमच्या बोटांना हे कळलं होतं. डोळे दिपतात, बोटं दिपत नाहीत.

सातबारा

१५/१६?? आयुष्यभर मी त्याला घाबरून आधीच एलिक्सिर (एचपी भरून देणारं औषध) पीत होतो. माझी एलिक्सिरं परत करा.

तारांगण

थोडा कीस काढतो, माफ करा. आपला सूर्य सुपरनोव्हा होऊच शकत नाही, तेवढं वस्तुमानच नाही त्याच्यात. त्यासाठी साधारण आठपट मोठा तारा लागतो. सूर्य फुगून बुध-शुक्राला गिळेल तो तांबडा राक्षसी तारा म्हणून, तेही काही अब्ज वर्षांनी. सेफिरॉथने दाखवलं ते तांबड्या राक्षसाचं, नाव लावलं सुपरनोव्हाचं.

आणि त्या खेळातलं जग पृथ्वी नाहीच, मग शनी-गुरू तिथे कुठून आले?

खडूस_काका

'तांबडा राक्षस' हे नाव जास्त भीतीदायक आहे. जपान्यांनी मराठी शिकायला हवं होतं.

सातबारा

प्लूटोला मात्र त्याने १९९७ मध्येच उडवला. शास्त्रज्ञांनी २००६ पर्यंत वाट पाहिली.

टोकियोचा_टिळक

जपानात अकरा वर्षं आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक, जपानमध्ये जानेवारी १९९७ ला खेळ पहिल्यांदा आला तेव्हा सुपरनोव्हा बराच आखूड होता. ही ग्रहांची मिरवणूक परदेशी आवृत्तीसाठी वाढवली. त्यामुळे इथल्या जुन्या खेळाडूंसमोर 'सुपरनोव्हा चालू असताना चहा' हा विनोद करून पाहा, काही जण कोरे चेहरे करतात.

दोन, नावं. इंग्रजीत ज्याला बिझारो म्हणतात त्याचं जपानी नाव 'रिबासु'. त्या अक्षरांतून 'रीबर्थ', म्हणजे पुनर्जन्म, असंही निघतं आणि 'रिव्हर्स' असंही. भाषांतरकाराने तिसरंच काढलं. शेवटचं रूप 'सेफा सेफिरोसु', त्याचं इंग्रजीत झालं सेफर, आणि स्पेलिंग असं की वाचणाऱ्याला वाटावं 'जास्त सुरक्षित सेफिरॉथ'. त्यामागे हिब्रूतला 'सेफेर' म्हणजे ग्रंथ हा शब्द आहे असं सर्वसाधारणपणे मानतात. सेफिरॉथ हे मूळ नावही ज्यूंच्या कब्बालातलं, ईश्वराची दहा प्रकटनं. म्हणजे या माणसाच्या नावातच दहा रूपं आहेत. आपण दोन-तीनवर कुरकुरतोय.

सातबारा

जास्त सुरक्षित सेफिरॉथ. आयएसआय मार्कासह.

वेंगुर्लेकर

मी हा खेळ खेळलेलो नाय, पण धाग्याचा प्रश्न माका ओळखीचो वाटलो म्हणान लिवतंय. (आता प्रमाण मराठीत.)

आमच्याकडे दशावतारात संकासुर असतो. काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. लहान पोर पहिल्यांदा बघतं तेव्हा आईच्या पदरात शिरतं. आणि मग तो तोंड उघडतो! शुद्ध मालवणीत सरपंचापासून पंचक्रोशीतल्या सगळ्यांची टिंगल. वेद चोरणारा राक्षस तो, पण पाच मिनिटांत पोरं हसून लोळतात.

उलट त्याच रात्री पुढे आख्यान लागतं. त्यातला राक्षस आधी पडद्यामागून फक्त ओरडतो. मग मशालीवर राळ मारतात, भप्पकन जाळ उठतो आणि त्या एका क्षणात अर्धा चेहरा दिसतो. तेवढंच. नंतर तो पुढे येऊन गदा फिरवतो तेव्हा लोक चहाला उठतात.

म्हणजे राळेचा जाळ खरा. तुमच्या सेफिरॉथचा तो रक्ताचा ओघळ हीच राळ झाली की.

कर्जत_लोकल

वेंगुर्लेकर, अहो त्या खेळात जाळाचाच एक प्रसंग आहे. गाव पेटलंय आणि सेफिरॉथ ज्वाळांमधून मान वर करून एकदा बघतो, मग पाठ फिरवून आगीत चालत जातो. या खेळाचं एकच दृश्य आठवायला सांगितलं तर लोक तेच सांगतात. त्यात तो कोणाला काही करत नाही.

पिक्सेल_पोरगी

पण काका लोकहो, ते दृश्य व्हिडिओतलं आहे. बाकी खेळभर तुमचा भीतीदायक मनुष्यरूपी सेफिरॉथ म्हणजे ठोकळ्यांचा बाहुला आहे! हात बघा, कणकेचे गोळे. मी २०२१ मध्ये पहिल्यांदा खेळले आणि हसत होते. तुमच्या लहानपणात भीती होती, त्याच्या रूपात नव्हती.

आणि दुसरं रूप भीतीदायक नसतं हेही मला मान्य नाही. अंडरटेल (२०१५) खेळा. त्यात फ्लावी नावाचं एक बोलकं फूल आहे. फूल! ते शेवटी रूप बदलतं तेव्हा बाकीचा खेळ साध्या पिक्सेलचा असताना हे एकदम फोटोंच्या कातरणांचं, टीव्हीच्या पडद्याचं, खऱ्या डोळ्यांचं काहीतरी होऊन येतं. तुमचं सेव्ह ताब्यात घेतं. तुम्हाला मारलं की खेळच बंद करून टाकतं. मी वसतिगृहात रात्री दोनला खेळत होते, खिडकी आपोआप बंद झाली तेव्हा लॅपटॉप मिटून रूममेटला उठवलं. तिने मला मारलं, तो भाग वेगळा.

अरभाट_कोडर

@पिक्सेल_पोरगी, हे उदाहरण जबरदस्त आहे आणि माझ्या मुद्द्याला पूरकच आहे. फ्लावीचा आकार बदलला म्हणून तुम्ही घाबरला नाहीत. त्याने *नियम* बदलले. सेफिरॉथ पंख लावतो पण रांगेत उभा राहून आपली पाळी येईपर्यंत थांबतो. शिस्तीचा माणूस.

आठाण्याचं_नाणं

तुम्ही सगळे घरी प्लेस्टेशन असलेले सुखवस्तू. आम्ही व्हिडिओ गेम पार्लरवाले. मुस्तफा कोणी खेळलाय?

सातबारा

मुस्तफा!!!!

निशाचर

मुस्तफा! पिवळी टोपी, धावत येऊन लाथ.

आठाण्याचं_नाणं

तोच. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. खरं नाव सांगितलं तर पार्लरवाला 'असला गेम नाही' म्हणायचा. चार खेळाडूंपैकी एकाचं नाव मुस्तफा, पण आमच्या अख्ख्या शहरात खेळाचंच नाव मुस्तफा.

त्यातही खलनायक रूप बदलायचे. मधल्या एका स्टेजला मॉर्गन नावाचा बाबा मार खाल्ला की डायनोसॉरसारखा राक्षस व्हायचा. शेवटचा तो डॉक्टर फेसेंडेनही तसाच. आणि आम्हाला त्याची खरीखुरी भीती वाटायची, कारण एकच: खिशात नाणं नव्हतं. रूप बदललं म्हणजे अजून एक नाणं जाणार. पडद्यावर 'कंटिन्यू' खाली दहा, नऊ, आठ असे आकडे उतरायला लागले की शेजारच्या पोराकडे बघायचं. ते पोर छताकडे बघायचं.

अरभाट म्हणतात ते आकडे घरच्या खेळाचे. पार्लरच्या मशीनमधलं दुसरं रूप म्हणजे मालकाचा हात तुमच्या खिशात.

अरभाट_कोडर

१०० टक्के. आणि आजच्या मोबाईल गेममध्ये तो हात परत आलाय, मीच कोड लिहितो. पाप आहे, मान्य.

मिसळ_कट्टा

तुम्ही संगीताकडे कोणी वळलाच नाहीत म्हणून घुसतो. शेवटच्या रूपाला वाजतं ते 'वन-विंग्ड एंजल'. नोबुओ उएमात्सु यांचं. त्यांनी ते सलग रचलंच नाही, दोन-दोन चार-चार मात्रांचे तुकडे सुचतील तसे लिहून ठेवले आणि मग ते जिगसॉ कोड्यासारखे जुळवले. ऐकताना ते जाणवतं. सुरुवातीचे ठोके, मग अचानक तंतुवाद्यांची पळापळ, मग कोरस. सांधे मुद्दाम उघडे ठेवलेत. माझ्या कानाला ते गाणं म्हणजेच बिझारो, वेगवेगळे अवयव एका धडाला चिकटवलेले.

आणि कोरस खऱ्या माणसांनी गायलेला. या खेळातलं बाकी बहुतेक संगीत मशीनच्या चिपमधून येतं, त्यात ही माणसं एकदम शेवटच्या लढाईत गायला लागतात. शब्द लॅटिन, मध्ययुगातल्या कार्मिना बुराना या हस्तलिखितातून उचललेले. आत धगधगणारा राग, अक्राळविक्राळ आणि पोकळ नशीब, अशा अर्थाचे. मधेमधे 'सेफिरॉथ!' अशी आरोळी.

कर्जत_लोकल, प्रामाणिकपणे सांगा, आवाज बंद करून खेळलात का?

कर्जत_लोकल

...हो. बायको झोपली होती.

मिसळ_कट्टा

धागा बंद करा रे कोणीतरी.

खडूस_काका

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

लोडशेडिंग_पिडीत

माझी कथा ऐका, मग भीतीवर बोला.

२००५ चा मे महिना, आमच्याकडे रोज ठरलेल्या वेळी वीज जायची. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं. मी दुपारी अडीचला सेफिरॉथच्या आधीच्या जेनोव्हा या राक्षसाला मारलं, मग बिझारो, मग हा पंखवाला. या तिघांच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही, एका दमात तिघं. वेळापत्रकानुसार चारपर्यंत वीज होती. त्याने सुपरनोव्हा सुरू केला. प्लूटो फुटला. शनी फुटला. सूर्य फुगायला लागला आणि तीन वाजून दहा मिनिटांनी पंखा मंदावत मंदावत थांबला.

खोलीत पूर्ण शांतता. बाहेर कोणीतरी 'गेली काय रे?' विचारतंय.

त्या दिवशी सेफिरॉथने खरोखर सगळं ब्रह्मांड विझवलं. मी आजतागायत परत खेळलेलो नाही.

सातबारा

दोन मिनिटं मौन. (सुपरनोव्हाची वेळ)

आठाण्याचं_नाणं

हाच खरा १६/१६.

अनामिका_सांगली

मी फार खेळत नाही, पण कॉलेजात भावाच्या कॉम्प्युटरवर प्रिन्स ऑफ पर्शियाचे तीन भाग संपवले होते. तिसरा, द टू थ्रोन्स, २००५ चा. त्यातला वजीर म्हातारा, काठी टेकणारा, खोकणारा. सुरुवातीलाच काळाचा खंजीर स्वतःच्या छातीत खुपसून घेतो आणि सोनेरी पंखांचा अमर प्राणी होतो. स्वतःला झुर्वान म्हणवतो. नंतर कळलं की झुर्वान ही प्राचीन इराणातली काळाची देवता, आणि दुसऱ्या भागात मागे लागणारा तो दहाका हेही नाव अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या अझी दहाकावरून.

मला तो पंखवाला वजीर अजिबात भीतीदायक वाटला नाही, आणि कारण कर्जत_लोकल यांच्यापेक्षा वेगळं आहे. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला काहीतरी *हवं* होतं. मरण नको होतं त्याला. पहिल्या भागात त्याच्यासाठी तो काहीही करायला तयार होता. ते मिळाल्यावर त्याच्याकडे हवं असं काही उरतच नाही, नुसता उडत राहतो. हाव संपलेला माणूस धोकादायक कसा वाटेल? उलट त्याच खेळात राजपुत्राच्या आत ते दुसरं काळं रूप वाढत असतं, हातातून साखळी बाहेर येते आणि ते कानाशी लागून टोमणे मारतं. त्याला सतत काहीतरी हवं असतं. ते मात्र रात्री आठवायचं.

निशाचर

+१. या धाग्यातला सर्वांत नेमका प्रतिसाद.

शास्त्रीबुवा_कोथरूड

विषय रूपांतराचा आहे तर देवीमाहात्म्य आठवल्याशिवाय राहवत नाही. महिषासुर तिसऱ्या अध्यायात लढता लढता रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा खड्गधारी पुरुष, पुरुषाचा हत्ती, आणि हत्तीचा परत रेडा. देवी प्रत्येक रूप कापत जाते. मारला कधी जातो? रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला असताना. ना इकडचा, ना तिकडचा.

पिक्सेल_पोरगी

प्रत्येक धाग्यात पुराण आणलंच पाहिजे का?

शास्त्रीबुवा_कोथरूड

ताई, पुढचं ऐका, तुमच्याच कामाचं आहे. तो रेडा गर्जना करत शिंगांनी डोंगर फेकत असतो, तेव्हा देवी काय करते? शांतपणे मधुपान करते. आणि म्हणते, मूढा, माझं पिऊन होईपर्यंत गर्जून घे.

सातबारा

म्हणजे सुपरनोव्हा चालू असताना चहा पिणं शास्त्रसंमत आहे!!

पिक्सेल_पोरगी

ठीक आहे, हे पुराण चालेल.

शास्त्रीबुवा_कोथरूड

आणि विश्वरूपाचंही बघा. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन स्वतः मागतो, दाखव म्हणून. दाखवल्यावर घाबरतो ते खरं, पण लगेच हात जोडतो की तुझं नेहमीचं रूप परत आण. त्या रूपाशी बोलता येत नाही ना. कर्जत_लोकल यांची तक्रार मला तीच वाटली, की त्या सेफिरॉथशी आता काही नातंच उरलं नाही.

तेरा_सरदार

उशिरा आलो. एक गोष्ट कोणीच सांगितली नाही. तुम्ही जेवढे तगडे, तेवढा तो तगडा होतो. त्याचे मूळचे एचपी ८०,०००. लेव्हल ९९ ला नेलेल्या प्रत्येक पात्रामागे ३०,००० वाढतात. आणि आधीच्या लढाईत जेनोव्हावर 'नाइट्स ऑफ द राउंड' हे सरदारांना बोलावणारं अस्त्र वापरलं असेल तर वर आणखी ८०,०००. म्हणजे त्याला ताकद आपणच पाठवतो.

तरी उपयोग नाही. नाइट्स ऑफ द राउंडमध्ये तेरा सरदार ओळीने येऊन मारतात, प्रत्येकी ९९९९ पर्यंत. गुणाकार करा, १,२९,९८७. जेनोव्हावर हात आखडता घेतला आणि फार लेव्हल वाढवल्या नसतील तर एका बोलावण्यात खेळ खलास. तेही नाटक मिनिटभराहून जास्त चालतं. माझी शेवटची लढाई अशी झाली: त्याने मला त्याचा पिक्चर दाखवला, मी त्याला माझा दाखवला, आणि तो मेला.

कर्जत_लोकल

तेरा_सरदार, माझ्याकडे ते नाहीत. ते मिळवायला सोनेरी चोकोबो लागतो, तो पैदा करायचा धीर नव्हता.

रक्तपिपासू_रेवा

रेसिडेंट इव्हिल वाले कुठे गेले सगळे? नेमेसिस! तिसरा भाग, १९९९. लांब कोट घातलेला, दात बाहेर, घोगऱ्या आवाजात 'स्टार्स' म्हणत पोलीस ठाण्यात खिडकी फोडून आत येतो. दारातून पळालं तरी मागे येतो, तेव्हा दार म्हणजे सुरक्षित असा आमचा समज होता. मग कोट जळतो, शेपट्या फुटतात, शेवटी तर जमिनीवर लोळणारा लगदा होतो आणि भल्यामोठ्या तोफेने उडवायचा. लगद्याला कोण घाबरतं? त्याला दार उघडता येत नाही.

माझा नियम: ज्याला दाराची मूठ फिरवता येते तोच भीतीदायक.

अनामिका_सांगली

रेवा, हा नियम फ्रेम करून लावते. सासरच्या घरात.

अरभाट_कोडर

मूठ फिरवणारा नियम सेफिरॉथलाही लागू होतो बघा. आठवणींच्या त्या भागात तो आपल्या गटातच असतो. आपला नायक क्लाउड लेव्हल १, तो लेव्हल ५०. त्याच्यावर आपलं नियंत्रण नाही, तो स्वतःच लढतो. ड्रॅगन येतो, आपण एका फुंकरीत आडवे. सेफिरॉथला ओरखडा नाही, एका घावात ड्रॅगनचे हजारो एचपी साफ. मग आपल्याला उठवतो सुद्धा. ताकदीचं एवढं नेमकं दर्शन शेवटच्या रूपातही नाही, कारण तिथे तुलनेला आपण लेव्हल १ नसतो.

कर्जत_लोकल

काल रात्री जिंकलो. हेडफोन लावून, मिसळ_कट्टा यांची माफी मागून. कोरस सुरू झाला तेव्हा अंगावर काटा आला, तेवढं कबूल. मूळ मत ६२५ वर आलंय समजा, मेलेलं नाही.

खरं सांगायचंय ते पुढचं. तो पंखवाला पडला, मी उठून पाणी प्यायला निघालो, आणि खेळ संपला नव्हता. क्लाउड एकटा खाली ओढला जातो. समोर सेफिरॉथ. पंख नाही, प्रभावळ नाही, ढग नाही. उघड्या अंगाचा एक माणूस आणि ती लांब तलवार. तो काही बोलत नाही. तिथे हरता येत नाही म्हणे, पण मला कुठे ठाऊक? क्लाउडची लिमिटची (खास फटक्याची) पट्टी आपोआप भरत होती आणि माझा अंगठा थरथरत होता. इतक्या रूपांनंतर बनवणाऱ्यांनी त्याला परत माणूस केला, फक्त त्या एका फटक्यासाठी.

वेंगुर्लेकर

राळ.

निशाचर

मी हे कसं विसरलो होतो! पंधरा वर्षांपूर्वी संपवलाय, आठवणीत पंखच शेवटचा राहिला होता.

टोकियोचा_टिळक

पुढे सगळ्यांच्याच आठवणीत तसं झालंय. मूळ खेळात माणूस असताना त्याला पंख कधीच नाही. नंतरच्या खेळांत आणि २००५ च्या चित्रपटात माणसाच्याच पाठीला एक काळा पंख लावून दिला. आता पुतळे, बाहुल्या, टी-शर्ट, सगळीकडे पंख असलेलाच मिळतो.

तेरा_सरदार

@कर्जत_लोकल, सुपरनोव्हा किती वेळा झेललात?

कर्जत_लोकल

तीनदा. पहिले दोन पूर्ण पाहिले. तिसऱ्या वेळी भाचा शेजारी येऊन बसला होता, त्याने स्विचवरचं ते तिप्पट वेगाचं बटण दाबलं. चाळीस सेकंदांत सूर्यमाला आटोपली. म्हणाला, "मामा, हे असं आधी का नाही सांगितलंस? मी खेळलो असतो की."

लोडशेडिंग_पिडीत

तिप्पट वेगाचं बटण?

तीन दहाला वीज गेली होती. म्हणजे मी दोन पन्नासलाच...

(प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)